नवीन शिक्षकांचं प्रशिक्षण आणि नोकरीतलं शिकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मी बावीस वर्षं शिकवते आहे. मधली काही वर्षं तालुक्याच्या प्रशिक्षणांत सुलभक म्हणूनही काम केलं. पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, नव्याने रुजू झालेले शिक्षण सेवक (पहिली तीन वर्षं मानधनावर असलेले शिक्षक) भेटले की प्रशिक्षणाबद्दल बरेचसे प्रश्न तेच असतात. कुणी शिक्षण परिषदेच्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीच्या, मधल्या सुट्टीत विचारतं, कुणी रात्री दहा वाजता फोन करतं. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

डी.एल.एड. ही पदविका झाली, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली, भरतीची अभियोग्यता चाचणीही दिली. नोकरी लागल्यावर पुन्हा प्रशिक्षण कशाला?

त्या परीक्षांनी तुम्हाला काय येतं ते तपासलं. वर्गात उभं राहिल्यावर मात्र समोरच्या मुलाला काय येत नाही आणि ते का येत नाही, हे तुम्हाला शोधायचं असतं. त्याची तयारी कुठल्याही परीक्षेत होत नाही.

छात्राध्यापक असताना घेतलेले सराव पाठ आठवा. एक घटक, पस्तीस मिनिटं, रात्र जागून केलेलं शैक्षणिक साहित्य, मागच्या बाकावर निरीक्षक आणि शिस्तीत बसलेला एकच वर्ग. आता तुमची नेमणूक द्विशिक्षकी शाळेत झाली आहे. एका खोलीत पहिली आणि दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी आणि चौथी. सकाळी परिपाठ, मग शालेय पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा, तेवढ्यात ऑनलाइन माहिती भरायला केंद्रातून फोन. पहिलीचं पोर रडतंय आणि दुसरीतले दोघे गृहपाठ दाखवायला टेबलापाशी उभे. चौथीत एक मुलगा असा निघतो, ज्याला जोडाक्षर आलं की तो तिथेच थांबतो. पदविकेच्या दोन वर्षांत बहुवर्ग अध्यापनावर तुम्ही उत्तर लिहिलं असेल, पण ते करून पाहण्याची संधी फार थोड्यांना मिळते.

म्हणून पहिली तीन वर्षं ही नोकरी करण्याची जितकी, तितकीच नोकरी शिकण्याचीही असतात. या काळात लागलेल्या सवयी, चांगल्या आणि वाईट दोन्ही, पुढे तीस वर्षं सोबत राहतात. तिसऱ्या वर्षापर्यंत जो शिक्षक मुलांच्या चुका वाचायला शिकला, तो पुढे शिकतच राहतो. ज्याने तोवर फक्त पोर्शन पूर्ण करायची सवय लावून घेतली, त्याला ती सोडवणं पुढे कठीण जातं. दोन्ही प्रकारचे शिक्षक मी जवळून पाहिले आहेत. हुशारीत त्यांच्यात फरक नव्हता, सुरुवातीला सोबत कोण मिळालं यात होता.

'व्यावसायिक विकास' म्हणजे शासनाची प्रशिक्षणंच ना?

ती त्याचा एक भाग. गट साधन केंद्रातलं तीन दिवसांचं प्रशिक्षण, दीक्षा या शासनाच्या ॲपवरचा कोर्स, महिन्याची शिक्षण परिषद हे सगळं त्यात येतं. पण शेजारच्या गावच्या बाई पहिलीला वाचन कसं शिकवतात हे अर्धा दिवस बसून पाहणं, तिमाहीचे पेपर सहकाऱ्याबरोबर तपासणं, एका मुलाच्या वजाबाकीच्या चुका महिनाभर टिपून ठेवणं हाही विकासच. या दुसऱ्या प्रकाराची नोंद कुठल्याही पोर्टलवर होत नाही. माझ्या अनुभवात शिक्षक बदलतो तो बहुतेक वेळा यातूनच.

वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यायचं असतं, हे खरं का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तसं म्हटलं आहे: प्रत्येक शिक्षकाने आणि मुख्याध्यापकाने दरवर्षी किमान ५० तास, स्वतःच्या आवडीनुसार आणि गरजेनुसार. 'स्वतःच्या गरजेनुसार' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडेल.

हा आकडा ऐकून नवीन शिक्षक दचकतात. जरा हिशोब करू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान तास ४५ धरले आहेत, त्यात पाठाच्या तयारीचा वेळही आला. म्हणजे ५० तास हे एका आठवड्याहून जेमतेम पाच तास जास्त झाले. वर्षातला एक आठवडा शिकण्यासाठी!

कल्पनाही आजची नाही. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिफारस केली होती की प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत दोन ते तीन महिन्यांचं सेवांतर्गत शिक्षण मिळावं. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. त्या शिफारशीशेजारी आजचे ५० तास ठेवून पाहिले तर आपण कमीच मागतो आहोत.

दीक्षावरचा कोर्स मोबाईलवर नुसता चालू ठेवला तरी प्रमाणपत्र मिळतं. मग खरंच बसून पाहायचा कशाला?

हा प्रश्न विचारणारे प्रामाणिक असतात, म्हणून सरळ उत्तर देते. नुसता चालू ठेवून मिळवलेल्या प्रमाणपत्राने तुमच्या वर्गात काहीही बदलत नाही. तुमचे तास गेले, डेटा गेला, आणि 'प्रशिक्षणं निरुपयोगी असतात' असं तुमचं मत मात्र पक्कं झालं.

निष्ठा हा केंद्र सरकारचा शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा प्रत्यक्ष एकत्र बसून होत असे. कोविडच्या काळात तो दीक्षावर गेला. एवढ्या मोठ्या संख्येच्या शिक्षकांपर्यंत पोचायला दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण समोरासमोर बसल्यावर जो प्रश्न विचारता येत होता, तो पडद्याला विचारता येत नाही. त्यातले काही भाग मात्र खरोखर चांगले आहेत, विशेषतः पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे.

मी नव्या शिक्षकांना एकच सुचवते. कोर्स एकट्याने पाहू नका. शाळेतला सहकारी किंवा केंद्रातले दोघं-तिघं मिळून एक भाग पाहा, त्यातली एकच कृती निवडा, दुसऱ्या दिवशी आपापल्या वर्गात करा आणि संध्याकाळी फोनवर बोला की काय झालं. दहा कोर्सची दहा प्रमाणपत्रं आणि असा एक कोर्स यातलं काय निवडू, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून दुसरं सांगते.

शिक्षण परिषदेत अर्धा वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो. नवीन शिक्षकाने तिथे काय करावं?

आधी ही परिषद का आहे ते समजून घ्या. आसपासच्या शाळांनी एक समूह म्हणून एकमेकींना आधार द्यावा, ही कल्पना कोठारी आयोगाने मांडली होती. आपली केंद्र शाळा, केंद्रप्रमुख आणि महिन्याचं एकत्र बसणं त्याच विचारातून आलं. राज्यात अशी ४,८६० केंद्रं आहेत. म्हणजे दर महिन्याला एवढ्या ठिकाणी शिक्षक एकमेकांसमोर बसू शकतात. इतकी मोठी सोय हाताशी असताना ती माहिती गोळा करण्यात संपते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नवीन शिक्षक ते बदलू शकतो का? थोडं बदलू शकतो. मी सांगते तसं करून पाहा. पुढच्या परिषदेला जाताना तुमच्या वर्गातल्या पाच मुलांच्या वह्या पिशवीत घाला. केंद्रप्रमुखांना आदल्या दिवशी फोन करून सांगा, "साहेब, मला भागाकाराची अडचण आहे, दहा मिनिटं मिळाली तर सगळ्यांना वह्या दाखवते." नाही म्हणणारे केंद्रप्रमुख मला फारसे भेटलेले नाहीत. त्यांनाही कुणीतरी शिकवण्याबद्दल बोलावं असं वाटत असतंच, वरून येणाऱ्या कामांत त्यांचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो.

वह्या समोर आल्या की बोलणं बदलतं. 'आमची मुलं हुशार नाहीत', 'पालक लक्ष देत नाहीत' ही वाक्यं मागे पडतात, कारण समोर एक ठरावीक चूक असते. ४२ भागिले ४ मध्ये मुलाने शून्य का लिहिलं नाही, यावर बारा शिक्षक बोलू लागले की त्या दहा मिनिटांचा अर्धा तास कधी होतो कळत नाही.

दुसऱ्या कुणी माझा तास पाहिला की अवघडल्यासारखं होतं. त्याची खरंच गरज आहे का?

सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे. इथे थोडं सविस्तर सांगते.

माझी पहिली शाळा एका वस्तीवर होती. दुसरीत एक मुलगी होती, सुरेख वाचायची. पुस्तक उघडलं की बोट ओळीवर, आवाज खणखणीत, एकही शब्द चुकत नसे. मी तिला परिपाठात वाचायला उभं करत असे. दिवाळीनंतर शेजारच्या शाळेतल्या एक वयस्क बाई आमच्याकडे आल्या होत्या. माझा तास चालू असताना त्या मागे जाऊन बसल्या. सुट्टीत त्यांनी त्या मुलीला जवळ घेतलं, पानाच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कोणता गं?" मुलगी गप्प. मग दुसरा शब्द. गप्प. तिला सगळे धडे पाठ होते. माझ्याकडून आणि मोठ्या बहिणीकडून ऐकून ऐकून तिने पाठ केले होते, आणि अक्षरं मोजकीच येत होती.

मी पाच महिने ते रोज पाहत होते आणि मला दिसलं नव्हतं. त्या बाईंना एका तासात दिसलं, कारण त्यांना फळ्याकडे तोंड करून शिकवायचं नव्हतं, त्या फक्त मुलांकडे पाहत होत्या. त्या मला एक शब्दही टोचून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "बोट ओळीवर फिरतंय, पण शब्दाबरोबर फिरत नाही, ते बघत जा." तेव्हापासून मी पहिली-दुसरीत वाचन घेताना आधी बोट बघते. हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं.

शिकवणारा एकाच वेळी शिकवू आणि पाहू शकत नाही. निदान सुरुवातीच्या वर्षांत तरी नाही. म्हणून दुसरे डोळे लागतात.

जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एक पाठ तयार करतात, एकजण तो घेतो, बाकीचे मुलांकडे पाहत नोंदी करतात आणि नंतर पाठावर चर्चा करतात. तिथे ही पद्धत शाळेच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, ज्ञानरचनावादी (मुलांनी स्वतः करून शिकण्याच्या) पद्धतीने वर्ग सुरू झाले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते पाहायला गेले. परत येऊन कित्येकांनी आपल्या वर्गाची फरशी रंगवली, मुलांना जमिनीवर गटात बसवलं. काहींनी फक्त रंगच आणला आणि पद्धत तिथेच राहिली, हेही खरं. पण चालू वर्ग डोळ्यांनी पाहिल्यावर शिक्षक किती उत्साहाने हलतो, ते त्या काळात महाराष्ट्राने पाहिलं.

अवघडलेपणावर उपाय असा: निरीक्षणाला साहेबांना बोलावू नका, सोबतीच्या शिक्षकाला बोलावा. त्याला एकच गोष्ट पाहायला सांगा, 'मी कसं शिकवलं' हे सांगायला नको. 'मागच्या रांगेतली चार मुलं या तासात किती वेळा बोलली?' इतका छोटा प्रश्न द्या. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच्या वर्गात जा. दोघांचीही भीती दोन-तीन फेऱ्यांत जाते.

माझी नेमणूक घरापासून चारशे किलोमीटरवर झाली. मुलांची बोलीच मला कळत नाही. यावर प्रशिक्षण मिळतं का?

लातूरचा शिक्षक नंदुरबारमधल्या धडगावला, सांगलीची शिक्षिका मेळघाटातल्या धारणीला, असं पवित्र पोर्टलच्या निवडीत सर्रास होतं. पुस्तक मराठीत, शिक्षकाची मराठी मराठवाड्याची आणि पहिलीतल्या मुलाच्या कानावर घरी पावरी बोली. शिक्षकाला वाटतं, मुलं मठ्ठ आहेत. मुलांना वाटतं, गुरुजी रागावले आहेत.

सगळ्या बोलींचं मराठीशी नातं सारखं नाही, हे आधी जाणून घ्या. पावरी, भिलोरी, वारली, अहिराणी या मराठीच्या गोतावळ्यातल्या. कान जरा सरावला की शब्द ओळखू येतात. अहिराणी मुलगी स्वतःला 'आंडेर' म्हणते, हे दोन दिवसांत कळतं. मेळघाटातली कोरकू मात्र मुंडा कुळातली आहे आणि भामरागडची माडिया द्रविड कुळातली. तिथल्या मुलासाठी मराठी ही खरोखर दुसरी भाषा आहे, आणि दुसरी भाषा जशी शिकवतात तशीच ती शिकवावी लागते: आधी खूप ऐकणं, मग बोलणं, मग अक्षरं. जूनमध्येच फळ्यावर 'क' काढून काही साधत नाही.

यावर काही साहित्य आणि प्रशिक्षणं झाली आहेत. तुमच्या जिल्ह्याच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, जाऊन विचारा. बोलीतल्या शब्दसंग्रहाच्या पुस्तिका काही ठिकाणी कपाटात पडून असतात. फलटणची प्रगत शिक्षण संस्था आणि वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथली क्वेस्ट या दोन्ही संस्थांनी मराठी वाचन-लेखन शिकवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे, त्यांच्या कामाकडे लक्ष ठेवा.

पण खरं प्रशिक्षण गावातच होईल. अनुताई वाघ १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर काम करायला बोर्डीला आल्या, तेव्हा त्या काही नवशिक्या नव्हत्या, त्यांनी आधी अनेक वर्षं शिकवलेलं होतं. तरी पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना त्यांना नव्याने शिकावं लागलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, ही कुरणशाळेची कल्पना तिथे उभी राहिली. ती पाड्यावर फिरल्याशिवाय सुचणारी नव्हे.

तुम्ही एक शंभर पानी वही करा. रोज मुलांकडून पाच शब्द शिका: पाणी, भूक, दुखतंय, ये, बस, इथपासून सुरुवात. मुलं शिकवतात तेव्हा त्यांचे चेहरे बघा. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि अंगणवाडी सेविका याबाबतीत तुमच्या गुरू आहेत, त्यांच्याशी रोज पाच मिनिटं बोलत जा. दिवाळीपर्यंत वर्ग तुमच्याशी बोलायला लागलेला असेल.

प्रशिक्षणातून नेमकं काय बदलतं? एखादं उदाहरण द्याल का?

गणितातलं देते. मूल 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहितं. आपण म्हणतो, लक्ष नाही. पण मराठीत अकरापासून पुढे आपण एकक आधी बोलतो आणि लिहितो मात्र दशक आधी. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहितंय, म्हणजे त्याचं लक्ष पूर्ण आहे. त्यात 'एकोणतीस' आला की आणखी घोळ. कानावर 'तीस' पडतं, म्हणून मूल ३९ किंवा ३१ लिहितं. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत असे आठ अंक आहेत.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशा पद्धतीने संख्या वाचण्याचा पर्याय आला आणि राज्यभर वाद उठला. मंगला नारळीकर गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी कारण पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. वादात माझं मत काय ते बाजूला ठेवते. मला आठवतं ते इतकंच की ज्या शिक्षकांनी मुलांच्या या चुका आधी वहीत टिपल्या होत्या, त्यांना बदलाचा हेतू पान उघडताच कळला. बाकीच्यांनी तो टीव्हीवर पाहिला.

चांगल्या प्रशिक्षणात तुम्हाला असं काहीतरी हाती लागतं. चूक तीच राहते, तुम्ही तिच्याकडे पाहता ते बदलतं. ७२ ला लाल गोळा करण्याऐवजी तुम्ही काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या मुलासमोर ठेवता आणि 'आधी गठ्ठे लिही' म्हणता.

शाळेत दोनच शिक्षक. मी प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग एकावर. मुख्याध्यापक नाराज होतात.

त्यांची नाराजी रास्त आहे, ती मनाला लावून घेऊ नका. निघण्याआधी तुमच्या वर्गांसाठी तीन दिवस पुरेल असं काम काढून ठेवा: वाचनकोपऱ्यातली पुस्तकं, गटाने सोडवायची उदाहरणं, चौथीच्या मुलांनी पहिलीला वाचून दाखवणं. परत आल्यावर जे शिकलात ते सरांना पंधरा मिनिटं सांगा. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही, हेही दोघांनी माहीत करून घ्या. शाळेचा वेळ जातो कुठे, याचा हिशोब मांडताना ते उपयोगी पडतं.

शिक्षण सेवकाच्या मानधनात शिकण्यावर खर्च करणं परवडतं का?

१ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिना १६,००० रुपये मिळतात, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयात २०,०००. त्याआधी प्राथमिकला ६,००० होते. घरभाडं, गावी पाठवायचे पैसे, दुचाकीचं पेट्रोल यात ते कसे संपतात ते मला ठाऊक आहे. म्हणून स्पष्ट सांगते: पैसे भरून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांच्या मागे लागू नका. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या माणसाने स्वतःच्या खिशातून शिकावं, अशी अपेक्षा ठेवणंही मला अन्यायाचं वाटतं.

फुकट मिळणारं पुष्कळ आहे. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. फक्त आपल्या वर्गाचं वाचू नका, त्याआधीच्या आणि नंतरच्या इयत्तेचंही वाचा. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही तिथे वाचता येतात. रोजच्या गोष्टीसाठी त्याच्याइतकं हाताशी दुसरं काही नाही.

याचा पगारात किंवा बढतीत फायदा होतो का?

लगेच नाही. बारा वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी मिळवताना ठरावीक प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. प्रमाणपत्रं नीट जपून ठेवा, सेवापुस्तिकेत नोंद झाली की नाही ते स्वतः पाहा.

मी खासगी विनाअनुदानित शाळेत आहे. मला यातलं काही मिळत नाही.

शासनाची प्रत्यक्ष प्रशिक्षणं तुमच्यापर्यंत कमी येतात, हे खरं. दीक्षा मात्र तुम्हालाही खुलं आहे. गावात जिल्हा परिषदेची शाळा असेल तर तिथल्या शिक्षकांशी ओळख वाढवा. मुलं एकाच गावची आहेत, अडचणीही त्याच असतात.

पाठाचं टाचण रोज लिहून कंटाळा येतो. त्यातून काय शिकणार?

आधीच्या वर्षीचं टाचण उतरवून काढलं तर काहीच नाही. पानाच्या उजव्या बाजूला दोन बोटं जागा सोडा. तास संपल्यावर तिथे एक ओळ लिहा: कुठे अडलं, कोण अडलं. 'हातच्याची वजाबाकी, शून्य आलं की सात जण थांबले.' वर्षाअखेर त्या ओळी एका बैठकीत वाचा. पुढच्या वर्षी कोणतं प्रशिक्षण मागायचं ते तिथेच लिहिलेलं असतं. धोरणात म्हटलेली 'स्वतःची गरज' यातूनच कळते. पुढे त्यातूनच कृतिसंशोधनाचा, म्हणजे वर्गातली अडचण उपाय करून पाहत अभ्यासण्याचा, विषयही निघतो, तोही स्वतःच्या वर्गातला.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही, हे ओळखायचं कसं?

अभिप्रायाच्या फॉर्मवर 'उत्कृष्ट' लिहून ते कळत नाही. मी नव्या शिक्षकांना जूनमध्येच पाच मुलं निवडायला सांगते. प्रत्येकाकडून 'माझं घर' या विषयावर जमेल तेवढं लिहून घ्यायचं, चित्र काढलं तरी चालेल. एक उतारा वाचून घेऊन मोबाईलवर आवाज साठवायचा, दहा उदाहरणं सोडवून घ्यायची. सगळं एका पाकिटात, वर तारीख. दिवाळीनंतर पुन्हा तेच, मार्चमध्ये पुन्हा. मधल्या काळात तुम्ही जे काही शिकलात, पाहिलंत, करून बघितलंत, त्यातलं त्या पाच मुलांपर्यंत काय पोचलं ते पाकीट उघडलं की दिसतं.

पाच मुलं निवडताना दोन पुढे असलेली घ्या, दोन मागे पडलेली. पाचवं मूल असं घ्या, जे कधी त्रास देत नाही, कधी हात वर करत नाही आणि ज्याचं नाव तुम्हाला हजेरीपटात पाहूनच आठवतं.